शेअर स्प्लिट झाला की वहीत काय लिहायचं

28 जुलै 2022 ची सकाळ. तलावपाळीला फेरी मारून मी नौपाड्यात घरी पोचले तोच धाकट्या भाऊजींचा फोन. बाजार उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती. "वहिनी, टाटा स्टील नव्वद टक्के पडलाय. जो भाव मिळेल त्याला विकून टाकू का?" मी म्हटलं, "भाऊजी, एकही विकू नका. आज त्याचा स्प्लिट आहे. दोन दिवस ते ॲप उघडूच नका."

पडलं काहीच नव्हतं. स्प्लिट म्हणजे शेअरचं विभाजन: 10 रुपये दर्शनी मूल्याच्या (म्हणजे शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीच्या) एका शेअरचे 1 रुपयाचे दहा झाले होते आणि भाव त्याच प्रमाणात दहावा हिस्सा. पण नवा भाव सकाळीच लागतो, नवे शेअर्स डिमॅट खात्यात यायला एकदोन दिवस जातात. मधल्या काळात ॲप जुनी संख्या गुणिले नवा भाव असा हिशेब करतं आणि भलाथोरला तोटा लाल अक्षरांत दाखवतं. अशा वेळी घाबरून कोणी काही करू नये, एवढ्याच कळकळीने हे लिहायला घेतलं.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात बरीच वर्षं काढली. घरातल्या शेअर्सची दोनशे पानी वही आजही माझ्याकडे आहे, आणि प्रत्येक कंपनीला तिथे स्वतंत्र पान आहे. दीर्घकाळ शेअर ठेवणाऱ्याला स्प्लिटमुळे श्रीमंती येत नाही, गरिबीही येत नाही. कंपनीतला आपला हिस्सा तेवढाच राहतो. बदलते ती नोंद, आणि ती वेळेवर केली नाही तर दहा वर्षांनी विकताना फार त्रास होतो.

स्प्लिट जाहीर झाला की आधी रेकॉर्ड डेट लिहा, म्हणजे ज्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर असेल त्याला स्प्लिट लागू होतो ती तारीख. आता व्यवहार दुसऱ्या दिवशी पूर्ण होतात, त्यामुळे भाव सहसा रेकॉर्ड डेटच्याच दिवशी बदलतो. त्या दिवशी तुमच्या वतीने लावून ठेवलेल्या विक्रीच्या ऑर्डरी बहुतेक ब्रोकर रद्द करतात, त्या नव्या भावाने पुन्हा लावाव्या लागतात. शेअरचा आयएसआयएन, म्हणजे डिमॅटमधला ओळख क्रमांकही बदलतो. डिमॅटच्या उताऱ्यात जुना क्रमांक वजा झालेला दिसला तर दचकू नका, खालच्या ओळीत नवा जमा झालेला असतो. नसेल, तर चारपाच दिवस थांबून डिमॅटवाल्याकडे लेखी चौकशी करा.

आता वहीतलं एक पान उघडते. ऑक्टोबर 2008 मध्ये ह्यांनी एचडीएफसी बँकेचे 10 शेअर्स घेतले, खर्च 11,400 रुपये. दर्शनी मूल्य तेव्हा 10. जुलै 2011 मध्ये ते 2 झालं: शेअर्स 50, प्रत्येकी खरेदी किंमत 228. सप्टेंबर 2019 मध्ये 2 चं 1 झालं: शेअर्स 100, किंमत 114. एकूण रक्कम सगळीकडे 11,400 च, आणि खरेदीची तारीखही ऑक्टोबर 2008 च. स्प्लिटने तारीख बदलत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये याच बँकेने एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. शेअर्स झाले 200. इथे मात्र ओळ वेगळी लिहायची! बोनसच्या 100 शेअर्सची खरेदी किंमत शून्य आणि तारीख ऑगस्ट 2025. म्हणजे वर्ष व्हायच्या आत ते विकले तर अख्खी विक्री किंमत अल्पकालीन नफा, त्यावर 20 टक्के कर. जुने 100 दीर्घकालीन, त्यांच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. डिमॅट खात्यातून आधी आलेले आधी जातात, म्हणून पहिले 100 विकेपर्यंत जुनेच विकले गेले असं धरतात. स्प्लिट आणि बोनस एकाच खान्यात लिहिणारे नेमके इथे अडकतात.

आणखी एक. 31 जानेवारी 2018 पर्यंतच्या खरेदीला त्या दिवशीचा सर्वाधिक भाव खरेदी किंमत म्हणून धरायची सवलत आहे (विक्री किंमत कमी असेल तर तीच धरायची). एचडीएफसी बँक तेव्हा दोन हजारांच्या आसपास होती, पण तो भाव 2 रुपयांच्या शेअरचा. आज 1 रुपयाच्या शेअरसाठी त्याचा निम्मा, हजाराच्या आसपासच धरायचा. आपलं आयकराचं विवरणपत्र भरून देणाऱ्याला हे स्वतःहून सांगा. माझ्या नणंदेच्या विवरणपत्रात जुना भाव तसाच टाकला होता, मी वही घेऊन गेले म्हणून तो दुरुस्त झाला.

लाभांशाचंही तसंच. तो पुष्कळदा दर्शनी मूल्यावर टक्क्यांत सांगितलेला असतो. 10 रुपयांच्या शेअरवर 500 टक्के म्हणजे 50 रुपये, 1 रुपयाच्या शेअरवर 5. टक्के वाचून फसू नका, हातात किती रुपये आले ते लिहा.

स्प्लिटचा खरा उपयोग मला वाटणीच्या वेळी जाणवतो. आपल्याकडे अर्धा शेअर विकता येत नाही. एमआरएफ या टायर कंपनीने आजवर स्प्लिट केलेला नाही, जून 2023 मध्ये तिचा एक शेअर एक लाख रुपयांवर गेला. असे सात शेअर्स तीन भावंडांत वाटायचे कसे? नेस्लेने जानेवारी 2024 मध्ये एकाचे दहा केले, तिथे सातचे सत्तर होतात आणि प्रश्न बराच हलका होतो.

शेवटी ट्रंकेतली कागदी प्रमाणपत्रं. सासूबाईंच्या पेटीत मला अशी दोन सापडली. वरची संख्या जुनी असते, तिच्यावर विसंबू नका आणि कागद फाडूही नका. प्रमाणपत्रावरचा फोलिओ (खाते) क्रमांक घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहा: या फोलिओत आज किती शेअर्स आहेत? कागदावर 50 आणि उत्तरात 500, असं होऊ शकतं. पॅन, पत्ता, बँकेचा तपशील यांसाठी आयएसआर-1, सही जुळत नसेल तर आयएसआर-2, नामनिर्देशनासाठी एसएच-13 हे फॉर्म लागतात, मग शेअर्स डिमॅट करून घ्यायचे. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर शेअर्स सरकारी गुंतवणूकदार निधीत गेलेले असतात. ते परत मिळतात, आयईपीएफ-5 अर्ज भरून, आणि स्प्लिटनंतर वाढलेल्या संख्येनेच मागायचे असतात.