एका गाडीत तीन ड्रायव्हर, मग फास्ट कोण? स्टिंटचा पेस असा काढा

ले मान्सची 24 तासांची कार रेस तिकडे फ्रान्समधे दुपारी चारला सुटते, म्हणजे आपल्याकडे पुण्यात संध्याकाळी साडेसात, आणि रविवार उजाडेपर्यंत ग्रुपवर वाद ठरलेला, याचा बेस्ट लॅप बघ, तो स्लो आहे वगैरे. गाडी तिघं आळीपाळीने चालवतात, आणि दोन पिट स्टॉपमधलं सलग चालवणं म्हणजे स्टिंट. एका लॅपवरून, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीवरून, ड्रायव्हर जोखू नका, कळकळीने सांगतोय. रविवारी पहाटे पाचला वाकडहून निघालेला आणि शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकलेला, दोघांचा मुंबईला पोचायचा टाइम शेजारी ठेवून कोण भारी चालवतो हे ठरवतो का आपण?

आधी डेटा घ्या. ले मान्स ज्यात येते त्या डब्ल्यूईसी चॅम्पियनशिपचं टायमिंग अल कामेल ही कंपनी बघते, त्यांच्या साइटवर रेसनंतर ॲनालिसिसची सीएसव्ही फाइल मिळते, त्यात प्रत्येक गाडीचा प्रत्येक लॅप, तिन्ही सेक्टरचे (ट्रॅकच्या तीन भागांचे) टाइम आणि तेव्हा गाडीत कोण होतं ते सगळं असतं. एक्सेलमधे सगळं एकाच कॉलममधे चिकटून आलं तर इम्पोर्ट करताना सेपरेटर सेमीकोलन निवडा. 3:29.512 चे सेकंद करून घ्या, 209.512.

मग चाळणी, खरं काम इथेच आहे. पिटमधे येतानाचा लॅप काढा (त्याच्यापुढे ‘बी’ हे अक्षर असतं), बाहेर पडतानाचाही काढा, त्यात थांबलेला वेळ धरलेला असतो आणि टायरही थंड असतात. फ्लॅगच्या कॉलममधे जीएफ, म्हणजे ग्रीन, असेल तेवढेच लॅप ठेवा, सेफ्टी कार आणि फुल कोर्स यलो, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावतात ते लॅप, गेले. पण स्लो झोन हमखास निसटतो. 13.626 किलोमीटरच्या ट्रॅकवर एका तुकड्यातच 80 ची लिमिट लागते, त्यामुळे दोन सेक्टर नेहमीसारखे आणि तिसरा अचानक वीस-पंचवीस सेकंद जास्त असं दिसलं की तो लॅप उडवा, ड्रायव्हरची काही चूक नाही त्यात.

आता उरलेले लॅप वेगवान ते स्लो असे लावा आणि वरच्या अर्ध्यांची सरासरी काढा. सगळ्यांची का नाही, तर ट्रॅफिक. त्याच ट्रॅकवर स्लो क्लासच्याही गाड्या असतात, जीटी3 गाडी सगळ्यात फास्ट क्लासच्या हायपरकारपेक्षा लॅपला जवळपास अर्धा मिनिट मागे, पोर्श कर्व्हज या वळणांमधे तिच्यामागे अडकलात की गेले दोन-तीन सेकंद.

समजा एकाचा बेस्ट 3:29.8 पण सरासरी 3:31.4, दुसऱ्याचा बेस्ट 3:30.6 आणि सरासरी 3:31.1. माझ्या मते दुसराच फास्ट, 12 लॅपच्या स्टिंटमधे 3.6 सेकंद त्याने गाडीला कमावून दिले.

टायर नवे की दुसऱ्या स्टिंटचे हेही बघा, लागोपाठचे दोन स्टिंट वेगळे मोजा, म्हणजे दुसऱ्यात कोण किती घसरतो ते समजतं. जीटी3 मधे ब्रॉन्झ, म्हणजे हौशी दर्जाच्या, ड्रायव्हरची तुलना ब्रॉन्झशीच करा. आणि निकालावरून तर ड्रायव्हर मोजूच नका, 2012 ला करुण चंढोक ले मान्समधे उतरलेला पहिला भारतीय ठरला, पण सहावी आली ती गाडी, तिघांची मिळून.

राहिली वेळ. पहाटे ट्रॅक थंड, दुपारी तापलेला, म्हणून त्याच तासात त्याच क्लासच्या बाकी गाड्यांची तशीच सरासरी काढा आणि तुमच्या ड्रायव्हरच्या सरासरीतून ती वजा करा, मग पहाटे तीनचा स्टिंट दुपारी बाराच्या स्टिंटशेजारी बिनधास्त ठेवता येतो.