विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ काढताय? या चुका टाळा

अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो, हे गणित विमानाच्या बाबतीत हमखास फसतं. आधी अंतरच चुकतं.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर लंडन ते लॉस एंजेलिस पट्टी ठेवली तर रेघ अटलांटिकवरून जाते. जवळची वाट मात्र ग्रीनलँडवरून आहे, सुमारे ८,७८० किमीची. गोलावरचं हे किमान अंतर म्हणजे ग्रेट सर्कल अंतर. स्प्रेडशीटमध्ये अक्षांश-रेखांशांवरून हे अंतर काढणारं हॅवरसाइन सूत्र घातलं आणि आकडा भलताच आला, तर दोनच गोष्टी तपासा: अंशांचे रेडियन केलेत का, आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह दिलंय का. त्रिज्या ६,३७१ किमी धरा. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहील, तो सोडून द्या. मैलांचा घोळ मात्र सोडून देण्यासारखा नाही. नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा १.६०९ चा, ३,००० नॉटिकल मैलांना साधे मैल समजलात तर सातशेहून जास्त किलोमीटर हिशेबातून गळतात.

ताशी ९०० किमी हा वेग विमान उंचीवर स्थिरावल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी वर अर्धा ते पाऊण तास धरा. न्यूयॉर्क–लंडन सुमारे ५,५५० किमी, म्हणजे सहा तास दहा मिनिटं अधिक हा वेळ. परतीला साधारण तासभर जास्त लागतो, कारण जेट स्ट्रीम हा उंचीवरचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, म्हणून जाण्या-येण्याचा वेळ सारखा धरू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ तिकिटावरच्या वेळांचा. त्या त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. समजा, जानेवारीत टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून त्याच तारखेला सकाळी १० ला लॉस एंजेलिसला पोहोचायचंय. वजाबाकी केली तर उणे सात तास! दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा. टोकियो तिच्या ९ तास पुढे, लॉस एंजेलिस ८ तास मागे: १७ वजा ९ म्हणजे ८, आणि १० अधिक ८ म्हणजे १८. प्रवास दहा तासांचा. लॉस एंजेलिसचा हा आठचा फरक उन्हाळी वेळेत सात होतो. शिवाय अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो.

जुने आकडेही तपासून घ्या. हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांच्या आसपास होतं. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र बंद झाल्यावर वळसा घालून ते सुमारे १३ तासांवर गेलं. अंतर मोजणाऱ्या साइटला याचा पत्ता नसतो, ती सगळ्यात जवळची वाटच मोजते.

आणि बुकिंग करताना ‘डायरेक्ट’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. फ्लाइट नंबर एकच ठेवून विमान मध्ये उतरू शकतं. थांबा नको असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधा.