डायनामोवाला जुना ट्रॅक्टर चार्जिंग करत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ सकाळी 'टक' करून गप्प बसला की सगळे बॅटरीला नावं ठेवतात. नवी बॅटरी येते, पंधरा-वीस दिवस गाडी झकास चालू होते आणि मग पुन्हा धक्का मारायची वेळ. पैसे गेले, दोष जागच्या जागी. चार्जिंगची तपासणी क्रमाने केली, तर हा खर्च बहुतेक वेळा वाचतो.

खालचं सगळं मॅसी फर्ग्युसन ३५ च्या पिढीतल्या ट्रॅक्टरांसाठी आहे: लुकासचा डायनामो (पट्ट्यावर फिरून बॅटरीसाठी वीज तयार करतो तो), वेगळा कटआउट-रेग्युलेटरचा डबा (रेग्युलेटर चार्जिंग आटोक्यात ठेवतो, कटआउट इंजिन बंद पडल्यावर डायनामो बॅटरीपासून तोडतो) आणि १२ व्होल्टची बॅटरी. तुमच्या गाडीला डायनामोच्या जागी मागाहून अल्टरनेटर (वीज तयार करणारं नव्या पद्धतीचं यंत्र) बसवला असेल, तर डायनामोच्या चाचण्या त्यावर करू नका.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघणं

ही सगळ्यात वाईट सवय. "वायर काढली तरी दिवे पेटतात, म्हणजे चार्जिंग आहे" असं सांगणारा गावोगाव भेटतो. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं. डायनामोच्या गाडीत बल्ब आणि रेग्युलेटर जातो, अल्टरनेटर असेल तर डायोड उडतात. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या आसपास असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आधी बाहेरून चार्ज करा, मगच पुढची तपासणी.

स्लो रेसवर चार्जिंगची अपेक्षा

डायनामो स्लोवर चार्ज करत नाही. इग्निशनचा लाल दिवा स्लोवर मिणमिणला आणि रेस वाढवताच विझला, तर घाबरायचं कारण नाही. अ‍ॅम्पिअर मीटरचंही तसंच. चालू केल्याकेल्या काटा प्लसकडे जातो आणि बॅटरी भरत आली की मध्याकडे परततो. त्या परतलेल्या काट्याला दोष समजून रेग्युलेटरचा स्क्रू पिळणारे लोक बॅटरीतलं पाणी उकळून काढतात.

पट्टा अंगठ्याने दाबून बघा. दीड-दोन सेंटिमीटर दबला तर ठीक. फार ताणला तर डायनामोचं बेअरिंग जातं.

डायनामो न तपासताच खोलणं

ही चाचणी प्रत्येक मालकाला यायलाच हवी. डायनामोवर दोन टर्मिनल असतात, मोठं 'डी' आणि लहान 'एफ'. दोन्ही वायरी काढा, एका तारेच्या तुकड्याने दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा. मीटरची एक वायर त्या तारेला, दुसरी डायनामोच्या बॉडीला. काट्याचा मीटर असेल तर उत्तम, डिजिटलचे आकडे इथे नाचतात. इंजिन चालू करून रेस हळूहळू वाढवा. काटा न अडखळता चढत गेला पाहिजे. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि या स्थितीत इंजिन जोरात रेस करू नका.

काटा हललाच नाही, तर कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टवर थांबला, तर संशय फील्ड कॉइलवर, म्हणजे डायनामोच्या आतल्या स्थिर गुंडाळीवर. चार-पाच व्होल्टवर अडकला, तर आर्मेचर, म्हणजे फिरती गुंडाळी. डायनामो पास झाला, तर वायरी परत जोडा, डब्याकडची 'डी' आणि 'एफ' ची टोकं काढून एकत्र धरा आणि तिथे तीच चाचणी करा. इथे व्होल्टेज आलं नाही तर वायर तुटलेली आहे. इथेही आलं, तर दोष डब्यात किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीशी असलेल्या जोडणीत.

खोलायची वेळ आलीच, तर कम्युटेटर (कार्बन जिथे घासतात तो तांब्याचा गोल भाग) पेट्रोलच्या फडक्याने पुसा. डाग राहिले तर बारीक काचपेपर चालेल. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. मागच्या बुशला तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. जास्तीचं तेल थेट कार्बनवर उतरतं.

पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) न बघता बॅटरी जोडणं

त्या काळच्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. नंतर कोणी बदलला असेल, नसेलही. म्हणून बॅटरी काढण्याआधीच कोणती वायर बॉडीला आहे ते खडूने लिहून ठेवा. पोलॅरिटी बदलली किंवा गाडी वर्षानुवर्षं उभी होती, तर डायनामोला पोलॅरिटी द्यावी लागते: इंजिन बंद, डायनामोवरची 'एफ' ची वायर काढलेली, आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टर्मिनलवरून आणलेली तार 'एफ' टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी पडते, तेवढं पुरे. उलट्या पोलॅरिटीत इंजिन चालवलं तर कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात.

पॉइंट चिकटले की इंजिन बंद केल्यावरही बॅटरी डायनामोतून उतरत राहते, आणि तो तापून जळतो. बंद गाडीत अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मायनसकडे पडलेला दिसला, तर आधी बॅटरीची वायर काढा, विचार नंतर.

अर्थिंग आणि लोड

डब्याची अर्थची वायर आणि बॅटरीची बॉडी-पट्टी जिथे बसते तिथला रंग व गंज खरवडून धातू उघडा करा. नवा रंग मारलेल्या ट्रॅक्टरमध्ये दोष इथेच निघतो.

आता हिशोब. लुकासचा सी ४० डायनामो जास्तीत जास्त २२ अ‍ॅम्पिअर देतो, सी ३९ त्याहून कमी. ५५ वॅटचा एक बल्ब साडेचार अ‍ॅम्पिअर खातो. ऊस वाहतुकीत चार दिवे लावले की १८ अ‍ॅम्पिअर तिथेच संपले, वर टेप आणि मोठे स्पीकर. कारखान्यावर नंबर येईपर्यंत तासन् तास स्लोवर उभं राहायचं, म्हणजे डायनामोकडून काहीच येत नाही. अशा गाडीत दोष शोधत बसू नका. दिवे एलईडी करा, टेप रांगेत बंद ठेवा. अल्टरनेटर बसवायचाच असेल, तर आधी मायनस बॉडीला घ्या, अ‍ॅम्पिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करा आणि जुना डबा सर्किटमधून काढून टाका.