धावताना धाप लागते? या चुका टाळा

धावायला नुकतीच सुरुवात केलेल्या कुणालाही विचारा, तक्रार बहुधा एकच असते: "पाय साथ देतात हो, पण दमच पुरत नाही." मग आपली फुप्फुसं कमजोर आहेत किंवा श्वास घ्यायची पद्धतच चुकतेय, असं मनाशी ठरतं आणि नाना प्रयोग सुरू होतात. कुणी तोंड घट्ट मिटून धावतं, कुणी पावलं मोजतं, कुणी घरी बसून श्वास रोखून धरतं. थोड्याच दिवसांत धावणं सुटतं. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांच्या श्वासात काहीही बिघाड नसतो. त्यांचा वेग त्यांच्या आजच्या तयारीपेक्षा जास्त असतो, एवढंच.

धाप का लागते हे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या चुका आपोआप ओळखता येतील. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो आणि एका श्वासात अर्धा लिटरभर हवा आत घेतो, म्हणजे मिनिटाला सहा ते दहा लिटर. जोरात धावताना हेच प्रमाण मिनिटाला 100 लिटरच्याही पुढे जाऊ शकतं. निरोगी फुप्फुसांची तेवढी ताकद असते. धापा टाकत असतानाही निरोगी नवशिक्याच्या रक्तातला ऑक्सिजन जवळपास पूर्वीइतकाच असतो. वाढतो तो शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड. स्नायूंना झेपेल त्यापेक्षा जोरात पळालं की रक्तातली आम्लता वाढू लागते, ती सावरताना आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र ते लगेच टिपतं आणि 'जोरात श्वास घे, हे बाहेर टाक' असा हुकूम सोडतं. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय. म्हणून आपण आणखी हवा आत ओढायला बघतो, आणि गोंधळ वाढतो.

वेग न आवरणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून निघतात. नवशिक्याच्या डोक्यात धावण्याचं जे चित्र असतं ते शर्यतीचं असतं. त्यामुळे धावायचं म्हटलं की तो पळत सुटतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर दोन-तीन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त आहे. एकेक शब्दच बाहेर पडत असेल तर फारच जास्त आहे. घड्याळावरचे आकडे पाहण्यापेक्षा ही कसोटी मला जास्त भरवशाची वाटते, कारण ऊन असेल, झोप झाली नसेल किंवा रस्ता चढाचा असेल तर कालचा वेग आज जड जातो, आणि बोलणं ते लगेच सांगतं.

वेग एवढा कमी केल्यावर शेजारून झपझप चालणारा माणूस पुढे निघून जाईल. जाऊ द्या. खरंच जाऊ द्या.

एवढं करूनही धाप लागत असेल तर मध्ये मध्ये चाला. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी 1970 च्या दशकापासून नवशिक्यांना अशाच पद्धतीने शिकवलं, आणि त्या पद्धतीने असंख्य लोक मॅरेथॉन पूर्ण करतात. तेव्हा चालणं म्हणजे हार, हे मनातून काढून टाका. फक्त एक पथ्य पाळा: दम संपल्यावर चालू नका, संपायच्या आधी चाला. छाती फुटेस्तोवर धावून मग थांबणाऱ्याला प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जड जाते. वेळेवर चालणाऱ्याची शेवटची फेरीही पहिलीसारखीच होते. आठवडा दोन आठवडे सहज गेले की धावण्याची वेळ अर्धा मिनिट वाढवा.

पहिल्याच मिनिटाला सुसाट सुटणं

घराबाहेर पडल्यावर पाय ताजे असतात, उत्साह असतो, आणि पहिलं मिनिट सोपं जातं. तिसऱ्या मिनिटाला मात्र अचानक छाती भरून येते. धावायला लागल्यावर स्नायूंची ऑक्सिजनची मागणी क्षणात वाढते, पण हृदय, रक्ताभिसरण आणि खुद्द स्नायू यांना त्या मागणीच्या बरोबरीला यायला दोन-तीन मिनिटं लागतात. या मधल्या काळात जितकं जोरात पळाल तितकी उधारी चढते आणि ती श्वासातून फेडावी लागते. पाच ते दहा मिनिटं आधी चालणं, त्यातली शेवटची दोन झपाझप, आणि मग अगदी हळू धावायला लागणं, एवढ्यानेच अनेकांची अर्धी तक्रार मिटते.

पहिली दहा मिनिटं जड जाणं हे पट्टीच्या धावपटूंनाही चुकत नाही, हेही लक्षात असू द्या. तेवढ्यावरून 'आज जमत नाही' म्हणून माघारी फिरू नका. वेग कमी करून पुढे चला.

नाकानेच श्वास घ्यायचा हट्ट

नाक हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं. म्हणून चालताना आणि अगदी सावकाश धावताना नाकाने श्वास घेणं उत्तमच. पण नाकपुड्यांची वाट अरुंद आहे. हवेची गरज एका मर्यादेपलीकडे गेली की शरीर आपणहून तोंड उघडतं, आणि ते योग्यच करतं. अशा वेळी जबरदस्तीने तोंड मिटलं तर श्वासासाठीच जास्त मेहनत पडते आणि जीव घाबरा होतो. नाक आणि तोंड दोन्ही उघडे राहू द्या. जबडा सैल सोडा. नाकाने आत आणि तोंडाने बाहेर हा नियमही पाळायलाच हवा असं नाही. थंड, कोरड्या हवेत घसा ओढत असेल तर तोंडावर पातळ कापड घेतल्याने बराच फरक पडतो.

वरवरचे, भराभर श्वास

इथे थोडं गणित करू. प्रत्येक श्वासातली साधारण 150 मिलिलिटर हवा घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते. ती ऑक्सिजनची देवाणघेवाण जिथे होते त्या वायुकोशांपर्यंत पोचत नाही. तुमचा श्वास 300 मिलिलिटरचा उथळ असेल तर त्यातला निम्मा फुकट गेला. तोच श्वास एक लिटरचा असेल तर जेमतेम सातवा हिस्सा वाया जातो. म्हणजे भराभर धापा टाकणारा माणूस मेहनत जास्त करतो आणि त्याच्या पदरात पडतं कमी.

खोल श्वासाचं काम श्वासपटल करतं, छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. तो खाली सरकला की पोट पुढे येतं आणि खालच्या बरगड्या फाकतात. घरी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. रोज पाच मिनिटं असं करा, मग उभ्याने, मग चालताना. धावताना छातीही हलणारच, तिला रोखायचं नाही.

या प्रकारात दोन गोष्टी आड येतात. कमरेला घट्ट इलॅस्टिक किंवा पट्टा असेल, किंवा बारीक दिसावं म्हणून पोट आत ओढून धरलं असेल, तर श्वासपटलाला जागाच उरत नाही. आणि खांदे. दम लागला की खांदे नकळत कानांकडे सरकतात, मुठी आवळल्या जातात, मान खाली जाते. दर काही मिनिटांनी हात खाली सोडून झटका, नजर पंधरा-वीस पावलं पुढे ठेवा.

आत ओढण्यावर भर, सोडण्याकडे दुर्लक्ष

दम लागल्यावर माणूस एकावर एक श्वास आत घेत जातो, आणि आधीची हवा पुरती बाहेर पडलेलीच नसते. छाती फुगलेलीच राहते, नव्या हवेला जागा मिळत नाही. असं वाटू लागलं की वेग कमी करा आणि तीन-चार वेळा ओठांचा चंबू करून सावकाश, पूर्ण श्वास सोडा. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. मात्र जागेवर उभं राहून मुद्दाम मोठमोठे श्वास घेत राहू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येऊन चक्कर आल्यासारखं होतं.

पावलांच्या गणितात अडकणं

'तीन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर' असे अनेक मंत्र सांगितले जातात. ब्रॅम्बल आणि कॅरियर या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं की चौपाये धावताना प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतात, पण माणूस वेगवेगळे ताल वापरतो. त्यातल्या त्यात दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर हा ताल जास्त आढळतो. तेव्हा एकच बरोबर आकडा शोधत बसू नका. मोजल्याने मन शांत होत असेल तर जरूर मोजा, मोजण्यानेच ताण येत असेल तर सोडून द्या. सावकाश धावताना ताल तीन-तीनवर गेला, चढावर दोन-एकवर आला, तर तो वेगाप्रमाणे बदलतोय इतकंच.

बरगडीखाली चमक भरली की घाबरणं

याचं नेमकं कारण अजून निश्चित झालेलं नाही, पण भरल्या पोटी आणि गोड पेयं पिऊन धावल्यावर हा त्रास वाढतो हे नक्की. जेवण आणि धावणं यांत दोन-तीन तास जाऊ द्या. चमक आलीच तर चालायला लागा, दुखतं तिथे बोटांनी दाबा, किंचित पुढे वाका आणि लांब श्वास सोडा. बहुधा काही मिनिटांत ओसरते.

धावून झाल्यावर एकदम थांबणं

पायांच्या स्नायूंची हालचाल रक्त वर ढकलत असते. एकदम थांबलं की ते पायांत साठतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. पाच मिनिटं चालत राहा. गुडघ्यांवर हात टेकून वाकणं चूक, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. ते चूक नाही. त्या स्थितीत श्वासपटलाला काम करणं सोपं जातं.

फुप्फुसं 'वाढवायच्या' मागे लागणं

हवा अडवणारे मास्क घेऊ नका. त्याने डोंगरावरच्या विरळ हवेचा सराव होत नाही, फक्त श्वास अवघड होतो. सरावाने फुप्फुसं फारशी बदलत नाहीत. बदलतं ते बाकी सगळं: पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, मग हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात. त्यामुळे तोच रस्ता, तोच वेग, पण धाप कमी. यासाठी आठवड्यातून तीन-चार दिवस, काही आठवडे सातत्य लागतं.

प्रत्येक धाप 'सवय नाही' म्हणून सोडून देणं

धावताना किंवा थांबल्यावर पाच-पंधरा मिनिटांत खोकला येतो, छाती आवळते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, असं वारंवार होत असेल तर तो व्यायामामुळे उद्भवणारा दमा असू शकतो. डॉक्टरांकडून तपासून घ्या. उपचार घेऊन असे लोक उत्तम धावतात. जिने चढतानाही धाप लागते, सतत थकवा असतो, चेहरा फिका दिसतो, तर हिमोग्लोबिन तपासा. छातीत दुखणं, दुखणं हातात किंवा जबड्यात पसरणं, भोवळ येणं, ठोके अनियमित पडणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. चाळिशी उलटली असेल, बैठं काम असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल तर पहिल्या दिवसाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.