आल्याचा सोडा घरी करताय? निदान या चुका टाळा

मे महिन्यात रत्नागिरीकडे घरोघरी मुंबई-पुण्याची मुलं उतरतात आणि त्यातला एकजण तरी कुठलासा व्हिडिओ बघून आंबवायच्या मागे लागतो. मूळ हौस बिअरची असते. परवान्याशिवाय घरी बिअर केली तर १९४९ चा दारूबंदी कायदा आड येतो, हे कळलं की मोर्चा आल्याच्या सोड्याकडे, म्हणजे आलं-साखरेचं पाणी आंबवून फेस आणलेल्या पेयाकडे वळतो. छंद चांगला आहे, माझाही आहे. पण व्हिडिओतला माणूस बहुधा थंड मुलखातला असतो आणि त्याचे "तीन-चार दिवस" आपल्या उकाड्याला लागू पडत नाहीत. यीस्टला कॅलेंडर कळत नाही, ऊब कळते.

सगळ्यात वाईट चूक बाटलीची. फोटो छान येतो म्हणून तेलाच्या, मधाच्या चौकोनी काचेच्या बाटल्या घ्यायच्या आणि बूच गच्च लावून ठेवून द्यायचं. नात्यातल्या एका कॉलेजकुमाराने हेच केलं. अंधारी, निवांत जागा म्हणून बाटल्या नेऊन ठेवल्या माळ्यावर, कौलांच्या खाली, म्हणजे घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी. शेजारी हापूसची अढी. चार दिवस हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. दुसऱ्याच रात्री धाडकन आवाज झाला. काकीला वाटलं माडाचा नारळ कौलांवर पडला. मग लागोपाठ आणखी दोन आवाज झाले, आणि नारळ काही असे रांगेने पडत नाहीत.

सकाळी वर जाऊन बघतो तर गवतात काचा, आंब्यांवर चिकट पाक, आणि मुंग्यांची वारी लागलेली. काच कुठल्या आंब्यात रुतली आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून अख्खी अढी खड्ड्यात गेली. गुरांनाही घालता येईना. काकी एवढंच म्हणाली, "मेल्या, आंबे खायला आलास की सुरुंग लावायला?" त्या वेळी कुणी माळ्यावर नव्हतं हे नशीब. काच डोळ्यात गेली असती तर विनोद सुचला नसता.

हे का होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. बिअरवाले आधी सगळी साखर आंबू देतात आणि बाटलीत फेस धरण्यापुरती लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम साखर नव्याने घालतात. आपल्या सोड्यात लिटरला ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर असते, आणि ती न आंबलेली, तशीच बाटलीत जाते. साखर आंबली की तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो. बाटली फुटायला लागेल त्याच्या कितीतरी पट दारूगोळा तुम्ही स्वतःच्या हाताने भरलेला असतो. तो थांबवतो फक्त फ्रिज. तोसुद्धा यीस्टला मारत नाही, नुसता झोपवतो.

म्हणून माझी सवय अशी: शीतपेयाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या वापरायच्या, खाली पाकळ्यांसारखा तळ असतो त्या. त्या दाबासाठीच घडवलेल्या असतात, पाण्याच्या पातळ बाटल्या नव्हेत. वर चार बोटं जागा सोडायची आणि सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघायची. अंगठा रुतेनासा झाला की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे एका दिवसातही होतं. काचेचाच हट्ट असेल तर जाड, गोल, दाबाच्या पेयांसाठीच केलेल्या बाटल्या घ्या आणि त्याच घाण्यातली एक प्लॅस्टिकची बाटली शेजारी पहारेकरी म्हणून ठेवा. गोटी सोड्याची जुनी बाटली मिळाली म्हणून तीत आंबवू नका. तिला तडा कुठे गेलाय ते दिसत नाही.

वीज गेली की फ्रिजचा भरवसा संपला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कितीतरी दिवस अंधार होता. एवढं वादळ नसलं तरी पावसाळ्यात लाइट जातेच. बराच वेळ आली नाही तर बाटल्यांची बुचं हळूच सैल करून वायू सोडा. फेस गेला तर जाऊ दे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक कोकमाची. "कोकणात आहोत तर कोकमाचा सोडा करू" म्हणून दुकानातलं अमृत कोकम ओततात आणि आठवडाभर बुडबुड्यांची वाट बघतात. लेबल वाचा ना! आयएनएस २११, २०२ किंवा २२४ असा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाचा क्रमांक लिहिलेला असेल तर ते यीस्टला अडवायलाच घातलेलं आहे. आगळ त्याहून वाईट, त्यात मीठच मीठ. कोकम हवंच असेल तर नुसती साखर घालून घरी केलेलं वापरा, तेही बेताने, कारण आंबट फार झालं तरी यीस्ट हळू चालतं. आणि ते ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवू नका. काचेची नाहीतर चिनी मातीची बरणी घ्या.

विरजण (आलं, साखर आणि पाणी बरणीत आंबवून केलेलं) धरत नाही अशी तक्रार आली की मी आधी दोन प्रश्न विचारतो. आलं सोललंत का? रानटी यीस्ट सालीवर असतं, ते तुम्ही कचऱ्यात टाकलंत. पाणी कुठलं? पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर पडलेली असते, ती यीस्टलाही मारते. ते पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. कोमट नव्हे, गार. गरम पाण्यात विरजण ओतणारे काय अपेक्षा करतात, देव जाणे.

बरणीवर घट्ट झाकण नको, फडकं बांधा. फणसाच्या दिवसांत चिलटं एवढीशी फट सोडत नाहीत. तळाशी पांढरा गाळ बसला तर घाबरू नका. वर हिरवी-काळी लव आली तर मात्र सगळं ओतून टाका. वरचं काढून खालचं वापरू, हा कंजूसपणा इथे चालत नाही.

गॅजेटप्रेमींनी टीडीएस मीटर घेऊन साखर मोजू नये. त्याला विरघळलेले क्षार कळतात, साखर नाही. ते पैसे चांगल्या वजनकाट्याला द्या.

बाटली थंडगार झाल्यावरच उघडा, आणि मोरीत किंवा अंगणात. यात थोडा का होईना अल्कोहोल तयार होतोच, बाहेर जास्त राहिलेल्या बाटलीत जास्त. लहान मुलांना देऊ नका, आणि माळकरी आजोबांपुढे पेला ठेवण्याआधी आत काय आहे ते सांगा.