गाडीच्या सुट्ट्या भागांतून घुबड घडवताना

गाडीच्या भंगारातून केलेलं शिल्प जमणार की फसणार, हे वेल्डिंगच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. पिकासोचं १९५१ सालचं माकडीण आणि तिच्या पिल्लाचं शिल्प पाहा. माकडिणीचं तोंड म्हणजे एकाखाली एक उलट जोडलेल्या दोन खेळण्यातल्या मोटारी, आणि शेपटी म्हणजे खऱ्या मोटारीची स्प्रिंग. पाहणाऱ्याला माकडही दिसतं आणि मोटारही. हे दुहेरी दिसणं टिकलं पाहिजे. भाग ओळखूच येणार नसेल, तर तेच काम साध्या पत्र्यातही झालं असतं.

सुरुवातीला फूटभर उंचीचं घुबड करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पक्ष्याचा आकार आटोपशीर असतो, तोल सहज साधतो आणि मोठे गोल डोळे तर बेअरिंगच्या रूपात तयारच मिळतात.

भाग गोळा करणे

गॅरेजवाल्याकडे किंवा भंगारात हे मागा: दोन सारखी बेअरिंगं, त्यांच्यापेक्षा थोडे मोठे दोन गिअर, एक स्पार्क प्लग, जुनी टायमिंग चेन (इंजिनातली साखळी), सहा-आठ रॉकर आर्म (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दांडे) आणि बैठकीसाठी ब्रेक डिस्क. खिशात लोहचुंबक ठेवा. चुंबक चिकटला नाही तर भाग बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि तो लोखंडाला वेल्ड होत नाही. पिस्टन याच कारणाने पहिल्या कामात नको.

चुंबक चिकटला तरी चौकशी संपत नाही. ग्राइंडर हलकासा टेकवून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर उडतात, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आखूड आणि लालसर, तर जास्त कार्बनच्या कडक पोलादाच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. बीड आणि कडक पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेनं तडकू शकतं. ब्रेक डिस्क बहुधा बिडाची असते, म्हणून तिला वेल्डिंग करायचंच नाही. तिला आधीच भोकं असतात, तिथे नट-बोल्ट वापरायचे.

काय घरी आणायचं नाही

इथे घाई करू नका. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दाबाखालचा गॅस आणि तेल असतं, तो कापला किंवा तापवला तर फुटतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. एअरबॅगला हात लावू नका. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी आतून पोकळ असून तिच्यात सोडियम भरलेलं असतं, आणि सोडियम पाण्याला लागताच भडकतं. व्हॉल्व्ह वापरायचाच असेल तर कापू नका, घासू नका, तापवू नका. कोणताही बंद पोकळ भाग भोक पाडल्याशिवाय तापवायचा नाही.

सफाई

ग्रीस आणि तेल साबणाच्या गरम पाण्यात वायर ब्रशनं घासून काढा. बेअरिंगची सीलं उचकटून आतलं ग्रीस पूर्ण धुवा, नाहीतर वेल्डिंग करताना ते जळून धूर होतो. ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्डिंग करणं फार घातक आहे: क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. गंजलेले भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि ताबडतोब पुसून वाळवा. झिंक किंवा क्रोमचा मुलामा जोडाच्या जागी घासून काढा, पण मास्क लावून. झिंकच्या धुरानं ताप भरतो, क्रोमचा धूर त्याहून वाईट.

मांडणी

सगळे भाग जमिनीवर मांडून फोटो काढा. डोळ्यांमागे गिअर ठेवून पाहा: घुबडाच्या डोळ्यांभोवती पिसांची जी तबकडी असते, ती दात्यांमुळे आपोआप येते. चोच म्हणून स्पार्क प्लग, इलेक्ट्रोडचं टोक खाली. नखांना रॉकर आर्म.

जोडणी

वेल्डिंग येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा. डोळ्यांवर वेल्डिंगची काच, हातात चामडी मोजे, अंगात सुती कपडे, आणि काम उघड्या हवेत. ८ मिमी सळईचा सांगाडा करून तो लोखंडी पट्टीवर उभा करा आणि पट्टी डिस्कला बोल्टनं आवळा. वेल्डिंगला २.५ मिमीचा रॉड पुरतो.

आधी सगळीकडे फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारा. लांब उभं राहून चारही बाजूंनी पाहा. मान जराशी कलती असेल तर घुबड जिवंत वाटतं, आणि टॅक तोडून हे आत्ताच बदलता येतं. बेअरिंगला गिअरच्या बाजूनं दोन-तीन छोटे टॅकच द्या, ते कडक पोलाद आहे. स्पार्क प्लगचा षटकोनी लोखंडी भागच जोडा, चिनी मातीला आच लागली तर ती तडकते.

खरी मजा पिसांची. टायमिंग चेन एकाच दिशेनं वाकते. आडवी गुंडाळली तर पोटाच्या घेराशी जुळते, उभी लावली तर छातीच्या फुगवट्याशी, दोन्हींशी एकदम नाही. म्हणून चार-पाच कड्यांचे तुकडे करा आणि सर्वांत खालची ओळ आधी लावा. वरची ओळ खालचीच्या टॅकवर येईल अशी चढवत जा. वेल्डिंगचे डाग झाकले जातात आणि पिसांना खोली येते. पोटावर तुकडे दाट, पाठीवर जरा लांब ठेवा.

रंग की नाही

अमेरिकेत नेब्रास्कातलं १९८७ सालचं कारहेंज जुन्या मोटारींना राखाडी रंग देऊन उभं केलं आहे, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण मोटारींना स्टोनहेंजचे दगड दिसायचं आहे. आपल्या घुबडाला रंगाची गरज नाही. गिअरची चकाकी, चेनचा काळसरपणा आणि प्लगचा पांढरा पट्टा मिळून पुरेसं होतं. वायर ब्रशनं वेल्डिंगवरचे खवले काढा आणि पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या. चेनच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे स्प्रे वापरा.

शिल्प बाहेर ठेवणार असाल तर पाणी साचेल अशी प्रत्येक खोबण शोधून तिला खालून छोटं भोक पाडा. गंज आधी चेनच्या फटींत आणि टॅकच्या कडांना धरतो. दर पावसाळ्यानंतर तेवढीच जागा घासून पुन्हा लॅकर मारा.