इन्व्हर्टरच्या बॅटरीचं इक्वलायझिंग: आधी ग्रॅव्हिटी बघा, मग चार्जर लावा

आमच्या इंदुरात आता लाईट पूर्वीसारखी जात नाही, म्हणून बॅटरी महिनोन्‌महिने नुसती फ्लोटवर, म्हणजे फुल होऊन अगदी हळू चार्जवर, पडून असते आणि लोकांना वाटतं वापरच नाही तर बिघडणार काय, पण होतं उलटंच. जड ॲसिड हळूहळू तळाला बसतं, वर पातळ राहतं, आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ज्या दिवशी खरंच लाईट जाते त्या दिवशी पंखा तासाभरात बंद. यावर उपाय म्हणजे इक्वलायझिंग, म्हणजे फुल झालेल्या बॅटरीला मुद्दाम, पण हिशोबात, ओव्हरचार्ज करायचं. त्याने बुडबुडे येतात, ॲसिड ढवळलं जातं, मागे राहिलेले सेल (बॅटरीचे आतले कप्पे, १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा) भरतात आणि सल्फेट अगदी कडक झालेलं नसेल तर सुटतं.

हे फक्त पाणी भरायच्या बॅटरीला करायचं. सीलबंद, जेल किंवा एजीएमला (ज्यात ॲसिड काचेच्या चटईत शोषलेलं असतं) चुकूनही नाही, त्यात गेलेलं पाणी परत भरता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण दर महिन्याला ठरवून करतात, मला ते अजिबात पटत नाही, उगाच प्लेटा झिजतात. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची ग्रॅव्हिटी (ते पाण्याच्या किती पट जड आहे) मोजायची नळी, घ्या, बॅटरी फुल चार्ज करून काही तास तशीच राहू द्या आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी कागदावर लिहा. ट्यूब्युलरची (इन्व्हर्टरला नेहमी लावतात ती नळीच्या प्लेटांची बॅटरी) फुल ग्रॅव्हिटी साधारण १.२४० असते, गाडीच्या बॅटरीची १.२६५ च्या वर, तुमच्या बॅटरीवर काय छापलंय तेच धरा. सेलासेलात ०.०३० किंवा जास्त फरक असेल, किंवा फुल चार्ज होऊनही सगळेच सेल खाली असतील, तरच पुढे जायचं. नुकतंच पाणी घातलं असेल तर रीडिंग घेऊ नका, खोटं येतं.

आधी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या वायरी काढा, निगेटिव्ह आधी, कारण एवढा व्होल्टेज इन्व्हर्टरला झेपेलच असं नाही. प्लेटा उघड्या दिसत असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, काठोकाठ नाही, नाहीतर ॲसिड उतू जातं. नर्मदेचं नळाचं पाणी, बोअरचं, आरओचं, काहीच चालत नाही. खिडक्या उघडा, देवघराचा दिवा किंवा गॅस जवळ नको, कारण हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. चष्मा, रबरी हातमोजे घाला आणि खाण्याचा सोडा हाताशी ठेवा, सांडलेल्या ॲसिडवर टाकायला.

१२ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १५.५ ते १६ व्होल्ट लागतात, बॅटरी कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच घ्या, आणि करंट क्षमतेच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे १५० एएचला (अँपिअर-अवर, बॅटरीवर छापलेली क्षमता) ७ अँपिअर. घरचा इन्व्हर्टर एवढा व्होल्टेज सहसा देत नाही, तेव्हा व्होल्टेज सेट करता येणारा चार्जर लागेल किंवा सरळ बॅटरीवाल्याकडे न्या. मे महिन्यात खोलीच ४० डिग्री असते तेव्हा करूच नका, आणि करावंच लागलं तर २५ च्या वर दर डिग्रीला ०.०३ व्होल्ट कमी करा, पहाटे सुरू करा.

दर तासाला ग्रॅव्हिटी आणि तापमान बघत राहा, लावून झोपायचं नाही. ५० डिग्री झालं की बंद, थंड होऊ द्या. लागोपाठ दोन-तीन रीडिंग तेच आले की काम झालं, मग अजून वाढेल या आशेने ताणू नका. आधी चार्जर बंद, मगच क्लिपा काढा, ठिणगी उडाली तर तिथे गॅस असतोच. थोड्या वेळाने पाणी खुणेपर्यंत भरा, टर्मिनल पुसून पेट्रोलियम जेली लावा.

इतकं करूनही एखादाच सेल हट्टाने खाली राहिला तर तो सेल गेला समजा, पुन्हा पुन्हा इक्वलायझ करून चांगले पाच सेल खराब करू नका. अशी बॅटरी डीलरलाच एक्स्चेंजमध्ये द्या, शिशाचे पैसे मिळतात आणि ॲसिड कोणी नाल्यात ओतत नाही.